फ्लॉरेन्सच्या जुन्या गोष्टी ऐकत केलेली पायी सहल

फ्लॉरेन्सला जाणाऱ्या बहुतेक मराठी प्रवाशांच्या वाट्याला हे शहर चार-पाच तासांपुरतेच येते. बस नदीपलीकडच्या टेकडीवर थांबते, तेथून घुमटाचे छायाचित्र काढले जाते, मग डेव्हिडचा पुतळा आणि सोनारांच्या दुकानांचा जुना पूल पाहून संध्याकाळी पुढच्या गावी मुक्काम असतो. दहा वर्षांपूर्वी मीही हे शहर असेच पाहिले होते. या वेळी मार्चच्या अखेरीस आईला घेऊन गेलो तेव्हा पाच दिवस राहिलो आणि त्यांपैकी दोन सकाळी शहरातील जुन्या गोष्टी, प्रथा आणि आख्यायिका सांगणाऱ्या एका पायी सहलीसाठी राखून ठेवल्या. ही सहल परवानाधारक स्थानिक मार्गदर्शकांचा एक लहानसा गट चालवतो. या गटाविषयी मला काही तक्रारी करायच्या आहेत, आणि ज्या बाईंची मनापासून स्तुती करायची आहे त्यांची परवानगी मी घेतलेली नाही, म्हणून येथे कोणाचेही नाव देत नाही. अशा सहली फ्लॉरेन्समध्ये बरेच जण चालवतात. त्यांतून निवड करताना काय पाहावे आणि काय विचारून घ्यावे, हे कळण्याइतका तपशील मात्र पुढे दिला आहे.

प्रत्येक सकाळची सहल तीन तासांची होती, दर माणशी पस्तीस युरो आकारले गेले आणि एका गटात बारांपेक्षा अधिक माणसे घेतली जात नाहीत असे नोंदणी करताना सांगितले होते. भाषा इंग्रजी होती. आईला इटालियन लोकांचे इंग्रजी उच्चार चटकन कळत नसल्यामुळे मी मधूनमधून मराठीत सांगत होतो, आणि पहिल्या दिवशीच्या बाई त्यासाठी प्रत्येक गोष्टीनंतर आपणहून थांबत होत्या. एकाहत्तर वर्षांच्या आईचे गुडघे दुखतात हे त्यांना पहिल्या दहा मिनिटांत लक्षात आले. पुढची गोष्ट त्या बहुधा अशा जागी सांगत, जिथे बसायला दगडी ओटा असे. फ्लॉरेन्सच्या जुन्या वाड्यांना बाहेरच्या बाजूने असे ओटे बांधलेले असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टेकता यावे याचसाठी ते शतकानुशतके वापरात आहेत, ही माहितीही आम्हाला त्या ओट्यावर बसल्यावरच मिळाली.

सहलीची सुरुवात मद्याच्या खिडक्यांपासून झाली, आणि ती निवड फार चांगली होती, कारण एकदा ही खिडकी ओळखता आली की पुढे प्रत्येक गल्लीत नजर तीच शोधू लागते. आपल्या जुन्या वाड्यांत दिवा ठेवण्यासाठी भिंतीत देवळी असते, तशीच दिसणारी, वर कमान असलेली, दगडी चौकटीची ही लहानशी खिडकी रस्त्याच्या बाजूला, साधारण छातीच्या उंचीवर असते. तिला लाकडी झडप असे. सोळाव्या शतकापासून फ्लॉरेन्सच्या उमराव घराण्यांनी आपल्या शेतमळ्यांवरची वाइन मध्ये कोणी दुकानदार न ठेवता वाड्यातूनच किरकोळीने विकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाने झडपेवर टकटक करायचे, पैसे आत द्यायचे आणि भरलेली बाटली बाहेर घ्यायची, इतका तो साधा व्यवहार होता. खिडकीचा आकार बाटली जाईल एवढाच ठेवलेला, त्यामुळे वाड्याचा मोठा दरवाजा उघडण्याची गरज नाही आणि रस्त्यावरचा माणूस आत येण्याचा प्रश्नही नाही. शहरात अशा दीडशेहून अधिक खिडक्या आजही मोजता येतात. काही विटांनी बुजवल्या आहेत, काहींच्या चौकटीत टपालपेट्या किंवा दारावरच्या घंटेची बटणे बसली आहेत. व्हिया देल्ले बेल्ले दोन्ने या गल्लीतल्या खिडकीवर विक्रीच्या वेळा कोरलेली संगमरवरी पाटी अजून शाबूत आहे. बाईंनी आईला त्या चौकटीच्या खालच्या कडेवरून हात फिरवायला सांगितले. तिथला दगड मधोमध खोलगट आणि गुळगुळीत झाला होता. आई म्हणाली, "आपल्या जात्याच्या खुंट्याजवळ असा होतो." मी ते भाषांतर करून सांगितले तेव्हा जाते म्हणजे काय, हे बाईंनी दोनदा विचारून समजून घेतले.

१६३० ते १६३३ या काळात फ्लॉरेन्समध्ये प्लेग होता, तेव्हा या खिडक्यांचा उपयोग वेगळ्याच कारणाने झाला. फ्रान्चेस्को रोन्दिनेल्ली या तत्कालीन अभ्यासकाने त्या साथीचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. विक्रेते हाताने पैसे घेत नसत, तांब्याची चपटी पळी बाहेर काढत आणि त्यावर आलेल्या नाण्यांवर व्हिनेगर ओतून मगच ती गल्ल्यात टाकत, असे त्यात नमूद आहे. २०२० मध्ये करोनाच्या काळात शहरातल्या काही दुकानांनी याच खिडक्या पुन्हा उघडल्या आणि त्यांतून कॉफी, आइस्क्रीम, वाइन दिली. बाईंनी हे सांगताना एक गोष्ट ठासून सांगितली, आणि तिचा उल्लेख मी मुद्दाम करतो, कारण पुढच्या तक्रारीचा संबंध तिच्याशी आहे. या खिडक्या प्लेगसाठी बांधलेल्या नाहीत, त्या आधीपासून होत्या. प्लेगच्या दिवसांत त्या उपयोगी पडल्या, एवढेच.

या सहलीचे खरे मोल मला येथेच सापडले. प्रत्येक गोष्टीच्या आधी बाई सांगत, की ही कागदोपत्री सापडते, की लोक सांगत आले आहेत म्हणून आपणही सांगायची आहे. लोककथा त्या कमी लेखत नव्हत्या. उलट ती अधिक रंगवून सांगत. पण दोन्हींची सरमिसळ त्यांनी एकदाही होऊ दिली नाही. मुख्य चर्चच्या उत्तर बाजूच्या भिंतीवर उंचावर एका बैलाचे डोके बाहेर आलेले आहे, ते दाखवताना त्यांनी एका गवंड्याचे आणि समोरच्या घरातल्या विवाहितेचे प्रेमप्रकरण, नवऱ्याने लावलेला खटला आणि मग गवंड्याने त्याच्या खिडकीकडे रोखून बसवलेली शिंगे, ही सगळी कथा सांगितली. शेवटी त्या म्हणाल्या, की दगड वाहून नेणाऱ्या बैलांच्या कष्टांची आठवण म्हणून हे डोके बसवले असावे, हे दुसरे स्पष्टीकरण आहे, तुम्हाला जे पटेल ते घरी न्या.

त्याच चर्चच्या आसपास आणखी दोन लहान गोष्टी ऐकायला मिळाल्या. पहिली दान्तेच्या दगडाची. बांधकाम पाहत कवी एका दगडावर बसत असे आणि एकदा वाटेने जाणाऱ्या एकाने त्याला विचारले, "सर्वांत चांगला घास कोणता?" दान्ते म्हणाला, "अंडे." वर्षभराने तोच माणूस तिथून गेला आणि दुसरे काहीही न बोलता त्याने विचारले, "कशाबरोबर?" दान्तेने तितक्याच सहजपणे उत्तर दिले, "मिठाबरोबर." दुसरी बिस्केरी घराण्याची. चर्चचा विस्तार करण्यासाठी त्यांची घरे हवी होती, अधिक किंमत मिळावी म्हणून ते अडून बसले आणि शेवटी हाती काहीच लागले नाही, असे सांगतात. त्या कोपऱ्यावर त्यांच्या नावाची पाटी आहे, आणि फ्लॉरेन्सच्या बोलीत 'बिस्केरो' म्हणजे मूर्ख माणूस. ही व्युत्पत्ती लोकांची आहे, भाषाशास्त्राची नव्हे, हेही बाईंनी न विसरता सांगितले.

नव्या बाजाराचा मंडप पर्यटकांना ठाऊक असतो तो रानडुकरामुळे. पिएत्रो ताक्का या शिल्पकाराने सतराव्या शतकात घडवलेल्या ब्राँझच्या रानडुकराची प्रतिकृती तिथे बसवली आहे. मूळ शिल्प बार्दिनी संग्रहालयात आहे. नाकपुडीवरून हात फिरवला की पुन्हा फ्लॉरेन्सला येणे होते, अशी समजूत असल्यामुळे नाक सोन्यासारखे चकाकते आणि बाकीचे अंग काळपट हिरवे आहे. गर्दी तेवढीच पाहून परतते. बाईंनी मात्र आम्हाला मंडपाच्या मध्यभागी नेले आणि विक्रेत्यांच्या हातगाड्यांमधून जमिनीवरचे एक संगमरवरी चाक दाखवले. काळ्या-पांढऱ्या दगडात आऱ्यांसह जडवलेले हे चाक म्हणजे नगरराज्याच्या युद्धरथाचे चिन्ह. दिवाळे वाजलेल्या व्यापाऱ्याला याच जागी आणून, साखळदंडात अडकवून, त्याची विजार खाली ओढून भर बाजारात उघड्या कुल्ल्यांवर तीनदा या दगडावर आपटत. ज्या शहराच्या सोन्याच्या फ्लोरिन नाण्यावर साऱ्या युरोपचा विश्वास होता, त्या शहरात पत बुडवणे हा केवढा गुन्हा मानला जाई, हे त्या दगडाजवळ उभे राहिल्यावर कळते. आमच्या गटातले एक वयस्कर जोडपे तिथून बराच वेळ हलले नाही. पुस्तकातल्या चार पानांनी जे झाले नसते ते तिथे पाच मिनिटांत झाले.

पहिल्या सकाळचा शेवट सान मार्कोच्या मठात झाला. तिथे एक मोठी घंटा जमिनीवर ठेवलेली आहे. तिचे नाव 'पियान्योना', म्हणजे रडणारी. साव्होनारोला या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनाही लोक रडवे म्हणत. १४९७ मध्ये त्याच्या प्रभावाखाली लोकांनी आपले आरसे, दागिने, गंजिफा आणि चित्रे सिन्योरिया चौकात होळी करून जाळली होती, आणि पुढच्याच वर्षी वारे फिरले. एप्रिल १४९८ मध्ये जमावाने मठावर हल्ला केला तेव्हा मदतीला लोक धावून यावेत म्हणून हीच घंटा वाजवली गेली. साव्होनारोला पकडला गेला आणि २३ मे रोजी दोन सहकाऱ्यांसह त्याला त्याच चौकात फाशी देऊन जाळले. त्यानंतर नगराच्या शासनाने घंटेवर खटला चालवावा तसा निकाल दिला. तिला बुरुजावरून उतरवले, गाडीवर घातले, जल्लादाने रस्त्यातून नेताना तिच्यावर चाबूक ओढले आणि शहराच्या तटाबाहेर टेकडीवरच्या सान साल्व्हातोरे मठात तिला हद्दपार केले. १५०९ मध्ये ती परत आली. चाबकाच्या खुणा ब्राँझवर उमटत नाहीत, पण घंटेच्या भोवती फिरताना माणूस नकळत त्या शोधतोच. निर्जीव वस्तूला शिक्षा करणाऱ्या लोकांना आज आपण भोळे म्हणू शकतो. मला त्यांच्या त्या कृतीत भीती दिसली, कारण ज्या आवाजाने लोक एकत्र येतात तो आवाज त्यांना शहरात नको होता. दरवर्षी २३ मे रोजी सिन्योरिया चौकात त्याला जाळले त्या जागेवरच्या गोल शिलालेखावर फुले वाहिली जातात आणि गुलाबाच्या पाकळ्या नदीत सोडल्या जातात.

पहिला दिवस असा पूर्ण समाधानाचा गेला. दुसऱ्या दिवसाविषयी तसे म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी २५ मार्च होता. त्या बाई दुसऱ्या कामात असल्यामुळे बदली मार्गदर्शक येणार हे आम्हाला ठरलेल्या जागी पोहोचल्यावर कळले. आदल्या रात्री एक निरोप पाठवणे अवघड नव्हते. गटात बाराऐवजी एकोणीस माणसे होती. कानात लावायची यंत्रे दिली, पण आईचे यंत्र अर्ध्या तासात बंद पडले आणि जास्तीचे कोणाकडे नव्हते. मार्गदर्शक गृहस्थ वयाने तरुण, बोलण्यात तरबेज आणि स्वभावाने गोड होते. पण त्यांच्या सांगण्यात कागदोपत्री काय आणि ऐकीव काय, हा भेद उरला नव्हता. मद्याच्या खिडक्या प्लेगमुळेच बांधल्या गेल्या, असे त्यांनी छातीठोकपणे सांगितले. मी आदल्या दिवशीची माहिती सांगितल्यावर ते हसून म्हणाले, की लोकांना अशी गोष्ट आवडते. हे मला पटले नाही. पैसे भरून आलेल्या माणसाला गोष्ट आवडावी हे ठीकच, परंतु ती खरी म्हणून सांगितली जात असेल तर ती खरी असली पाहिजे. त्यातच वाटेत चामड्याच्या एका दुकानात पंचवीस मिनिटे थांबवण्यात आले. नोंदणीच्या पानावर या थांब्याचा उल्लेख नव्हता, आणि ज्या दिवशी शहरात पाहण्यासारखे इतके काही होते त्या दिवशी ती पंचवीस मिनिटे मला फार महाग वाटली. या दोन्ही गोष्टी मी गटाला लेखी कळवल्या आहेत.

२५ मार्चचे महत्त्व असे, की फ्लॉरेन्सचे नवे वर्ष शेकडो वर्षे याच दिवशी सुरू होत असे. देवदूताने मेरीला येशूच्या जन्माची वार्ता दिली तो हा दिवस मानतात. १७४९ मध्ये तिथल्या ग्रँड ड्यूकने हुकूम काढला आणि १ जानेवारी १७५० पासून बाकीच्या जगाची पद्धत सुरू झाली. त्यामुळे त्याआधीच्या फ्लॉरेन्सच्या दप्तरात जानेवारी ते २४ मार्चपर्यंतच्या नोंदींवर वर्षाचा आकडा आपल्या हिशेबापेक्षा एकाने कमी असतो. शहराला शत्रूचा वेढा पडलेला असताना लोकांनी मुद्दाम चौकात चेंडूचा सामना खेळून शत्रूला खिजवले, त्या प्रसिद्ध सामन्याची तारीख आपण १७ फेब्रुवारी १५३० म्हणतो, पण खेळणाऱ्यांच्या लेखी ते १५२९ साल होते. दर बाजूला सत्तावीस गडी घेऊन खेळला जाणारा तो दांडगा खेळ आजही जूनमध्ये सान्ता क्रोचे चौकात वाळू पसरून खेळतात. नव्या वर्षाचा हुकूम कोरलेला शिलालेख सिन्योरिया चौकातल्या कमानीच्या मंडपात आहे, आणि जुना दिवस मात्र लोकांनी सोडलेला नाही. त्या सकाळी ढोल, निशाणे आणि जुन्या पोशाखातली मंडळी सान्तिस्सिमा आनुन्त्सियाता चर्चकडे मिरवणुकीने जाताना आम्ही पाहिली. यंत्र बंद असल्यामुळे आईला यातले काहीच ऐकू आले नव्हते. मिरवणूक पाहून तिने मला विचारले, "यांचा पाडवा आहे का रे आज?" मी होय म्हणालो.

त्या चर्चसमोरच्या चौकात 'इन्नोचेन्ती' नावाचा अनाथ बालकांचा आश्रम आहे, आणि या सहलीत मला सर्वांत अधिक वेळ हवा होता तो येथे. मार्गदर्शकांनी कमानींखाली दहा मिनिटे बोलून गट पुढे नेला. आम्ही दुपारी स्वतंत्र तिकीट काढून पुन्हा आलो आणि अडीच तास आत होतो. रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने पैसा दिला, ब्रुनेलेस्की या वास्तुरचनाकाराने १४१९ मध्ये इमारतीचे काम सुरू केले आणि ५ फेब्रुवारी १४४५ रोजी पहिले मूल दाखल झाले. ती मुलगी होती. तो दिवस संत आगाथाचा, म्हणून तिचे नाव आगाता स्मेराल्दा ठेवले गेले. बाहेरच्या कमानींमध्ये निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या, चकाकत्या मातीची तान्ही बाळे आहेत. आन्द्रेआ देल्ला रोब्बियाने ती घडवली. बहुतेक बाळे कमरेखाली पट्ट्यांनी घट्ट गुंडाळलेली, आपण बाळाला दुपट्यात गुंडाळतो त्याहून कितीतरी घट्ट, आणि प्रत्येकाचे हात मोकळे, बाजूंना पसरलेले. खाली उभे राहून पाहिले तर ती आपल्याकडे झेपावत आहेत असे वाटते.

सुरुवातीला मूल कमानीखालच्या दगडी पात्रात ठेवत. पुढे भिंतीत लोखंडी गजांची खिडकी केली. दोन गजांमधून फक्त नुकते जन्मलेले बाळच आत जाऊ शकेल इतके अंतर ठेवलेले होते, म्हणजे वाढलेली मुले टाकली जाऊ नयेत. ती खिडकी १८७५ मध्ये बंद झाली. संग्रहालयात एका भिंतीवर लहान लहान खण आहेत आणि ते ओढले की आत काचेखाली मुलांबरोबर ठेवलेल्या वस्तू दिसतात. अर्धे कापलेले नाणे, अर्धे पदक, मण्यांचा तुटका सर, फितीचा तुकडा. उरलेला अर्धा भाग आईजवळ असे. दिवस पालटले आणि मूल परत नेता आले, तर दोन अर्धे जुळवून ओळख पटवायची, यासाठी ही व्यवस्था होती. मी आठ-दहा खण उघडून पाहिले. एकात पदकाचा तुकडा होता, कात्रीने कापताना तो एका बाजूला वाकला होता, म्हणजे कापणाऱ्याला तो नीट मधोमध कापता आला नव्हता. आईने पुढचे खण उघडले नाहीत. ती बाकावर बसून राहिली. फ्लॉरेन्सच्या परिसरात इन्नोचेन्ती, नोचेन्तीनी ही आडनावे आजही आढळतात, ती या आश्रमाच्या नावावरून आलेली आहेत. या एका जागेसाठी कोणत्याही सहलीने किमान तासभर द्यायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुराच्या पाट्यांचे ठिकाण बदली मार्गदर्शकांनीही चांगले दाखवले, हे सांगायला हवे. सान रेमिज्यो गल्लीच्या तोंडाशी, व्हिया देई नेरीच्या कोपऱ्यावर भिंतीत दोन पाट्या आहेत. जुन्या पाटीवर १३३३ च्या महापुराची रेषा दाखवणारे कोरलेले बोट आहे, आणि तिच्या वर १९६६ च्या पुराची पाटी. दोन्ही पूर ४ नोव्हेंबरचेच. १३३३ च्या पुराने जुना पूल वाहून गेला आणि आजचा पूल १३४५ मध्ये उभा राहिला. त्यावर खाटकांच्या ऐवजी सोनार आले ते १५९३ मध्ये, ग्रँड ड्यूक फेर्दिनान्दोच्या हुकमाने. १९६६ मध्ये चिखल आणि तेलाने माखलेली पुस्तके व चित्रे बाहेर काढण्यासाठी देशोदेशींचे तरुण धावून आले, त्यांना शहर आजही 'चिखलातले देवदूत' म्हणते. आईने मान वर करून वरच्या पाटीकडे पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे आपला आख्खा तळमजला." तिचे माहेर कोल्हापूरचे, पंचगंगेचा पूर तिने लहानपणापासून पाहिलेला.

माझ्या लेखी तक्रारीला त्याच संध्याकाळी उत्तर आले, ही गोष्ट गटाच्या बाजूने नोंदवतो. दुसऱ्या सकाळचे निम्मे पैसे परत मिळाले आणि पहिल्या दिवशीच्या बाईंनी विचारले, की आणखी काही पाहायचे राहिले आहे का. मी कोल्हापूरच्या महाराजांचे स्मारक म्हणालो. ते त्यांच्या नेहमीच्या कार्यक्रमात नव्हते. वेगळे शुल्क घेऊन चौथ्या दिवशी दुपारी त्या आम्हा दोघांना तिकडे घेऊन गेल्या. मराठी प्रवाशांनी नोंदणी करतानाच हे मागून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

जाताना इल प्रातो रस्त्यावर त्यांनी एक अवाढव्य उंच दरवाजा दाखवला. ईस्टरच्या दिवशी मुख्य चर्चसमोर उडवल्या जाणाऱ्या दारूकामाचा गाडा त्यामागे असतो. पहिल्या धर्मयुद्धातून, म्हणजे १०९९ मध्ये जेरुसलेम पडल्यावर, पात्सी घराण्यातल्या एका वीराने तेथील पवित्र थडग्याचे गारगोटीचे तीन तुकडे आणले, अशी परंपरा सांगतात. त्या गारगोट्यांनी पेटवलेल्या अग्नीने ईस्टरला कबुतराच्या आकाराचा बाण पेटतो, तो वेदीपासून तारेवरून सुसाटत बाहेर येतो, पांढऱ्या बैलांनी ओढून आणलेला गाडा पेटवतो आणि परत आत जातो. कबुतर नीट परतले तर पीकपाणी चांगले, असा समज आहे.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले, इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाला भेटले आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० रोजी वारले. तेव्हा त्यांच्या वयाचे एकविसावे वर्ष चालू होते. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीच्या राज्याची राजधानी होते. शहरात दहनाची प्रथा नव्हती, तरीही हिंदू रिवाजाप्रमाणे नदीकाठी अग्निसंस्कार करू देण्याची परवानगी मिळाली, आणि अर्नो व मुन्योने या नद्या जिथे एकत्र येतात तिथे, काशिने उद्यानाच्या अगदी टोकाला, रात्री चिता पेटली. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभारली गेली. तिचा आराखडा चार्ल्स मॅन्ट यांचा, आणि कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही माहिती विशेष वाटेल, कारण तो राजवाडाही मॅन्ट यांनीच आखलेला आहे. आतला रंगीत अर्धपुतळा फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडवला. खाली चार भाषांत लेख आहे. फ्लॉरेन्सचे लोक या जागेला 'इन्दियानो' म्हणतात आणि शेजारून जाणाऱ्या मोठ्या पुलाचे नावही तेच आहे. सायकलवरून जाणारा प्रत्येक जण हे नाव रोज घेतो.

ट्राम सोडल्यावर बरेच चालावे लागते, वाटेत पाण्याची बाटली जवळ असावी, आणि वयस्कर माणूस बरोबर असेल तर टॅक्सी करणे बरे. आई मात्र चालत आली. छत्रीपाशी पोहोचल्यावर तिने बूट काढले, पिशवीतून हळदकुंकवाची डबी काढली, मग कठड्यामुळे पुतळ्यापर्यंत हात पोहोचत नाही हे पाहून चिमूटभर कुंकू पायरीच्या कडेला ठेवले. बाई काही न बोलता बाजूला उभ्या राहिल्या होत्या. लेख वाचून दाखवताना त्या 'छत्रपती' हा शब्द दगडावरच्या जुन्या इंग्रजी वर्णांवरून उच्चारत होत्या आणि तो ओळखूही येत नव्हता. आईने तो त्यांच्याकडून चार वेळा म्हणवून घेतला. पाचव्या वेळी बरोबर आला, तेव्हा त्यांनी पिशवीतून वही काढून तो आपल्या लिपीत लिहून घेतला, आणि त्याखाली आईला विचारून 'संगम' हा शब्दही लिहिला.